विधान परिषद: पक्षनिहाय तक्ता पुरेसा नाही

मा. संपादक,

कर्नाटक विधान परिषदेच्या निकालाची बातमी पक्षनिहाय तक्त्यापाशी संपते. स्थानिक संस्था मतदारसंघांच्या, म्हणजे जिथे ग्रामपंचायतींसारख्या संस्थांचे सदस्य नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहून मत देतात त्यांच्या, बाबतीत त्या तक्त्याशेजारी प्रथम पसंतीची मते, कोटा (निवडून येण्यासाठी लागणारी मते), बाद मते आणि फेरीनिहाय आकडेही छापावेत, ही आमची आग्रहाची मागणी आहे. त्यावाचून बेळगावचा २०२१ चा निकाल उमजत नाही.

डिसेंबर २०२१ चा निकाल पाहा. २० मतदारसंघांतल्या २५ जागा; भाजप ११, काँग्रेस ११, जेडीएस (जनता दल सेक्युलर) २, अपक्ष १. भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही प्रत्येकी २० च उमेदवार दिले होते, म्हणजे दोन जागा असलेल्या ठिकाणीही एकेकच. याचे कारण कोट्यात आहे. दोन जागांसाठी कोटा साधारण एक तृतीयांश मतांचा असतो. दोन्ही जागा हव्या असतील तर पक्षाकडे जवळपास दोन तृतीयांश मते लागतात. तेवढी नसताना दोघे उभे केले तर प्रथम पसंतीची मते फुटतात आणि हाताशी असलेली जागाही धोक्यात येते. म्हणूनच विजापूर, धारवाड आणि दक्षिण कन्नडात भाजप-काँग्रेसला एकेक जागा मिळाली, म्हैसुरात काँग्रेस आणि जेडीएसला.

बेळगावात मात्र काँग्रेसचे चन्नराज हट्टीहोळी यांच्यासोबत अपक्ष लखन जारकीहोळी निवडून आले आणि भाजपचे महांतेश कवटगीमठ पराभूत झाले. तेव्हा राज्यात सत्ता असलेल्या भाजपची ही जागा गेली, आणि ७५ जणांच्या सभागृहात त्या पक्षाला बहुमतासाठी एकच जागा कमी पडली. तक्त्यात हे सारे ‘अपक्ष १’ एवढ्यात आटोपते!

मोजणीचा हिशेबही वाचकांना समजावून द्यावा. दोन जागा असल्या की प्रत्येक वैध मतपत्रिकेचे मूल्य १०० धरतात. समजा ८,००० मते वैध ठरली, तर एकूण मूल्य ८,००,०००. त्याला ३ ने भागून अपूर्णांक सोडायचा आणि १ मिळवायचा, म्हणजे कोटा २,६६,६६७. कोट्यावरचे मूल्य पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांकडे जाते. त्यानेही जागा भरली नाही तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका वाटतात.

मत बाद होण्याची कारणे साधीच आहेत. ‘१’ हा आकडा कुठेच नसणे, तो दोन नावांपुढे असणे, आकड्याऐवजी ‘एक’ असे अक्षरी लिहिणे, बरोबरची खूण किंवा सही करणे, केंद्रावर दिलेले जांभळे पेन सोडून दुसरे वापरणे. मराठी आकडे मात्र चालतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी या मराठी भागातल्या सदस्यांना हे मतदानाआधी ठळक अक्षरांत वाचायला मिळायला हवे.

आणखी एक. २०२१ मध्ये जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत संपलेली होती, निवडणुका झालेल्या नव्हत्या. त्यामुळे मतदारयादीत ग्रामपंचायत सदस्यांचाच भरणा होता. या जागांची मुदत जानेवारी २०२८ मध्ये संपते. मतदारसंघातल्या किमान ७५ टक्के स्थानिक संस्था कार्यरत असाव्यात आणि ७५ टक्के मतदार उपलब्ध असावेत, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. पंचायतींच्या निवडणुका लांबल्या की परिषदेची निवडणूकही अडते, म्हणून कोणत्या तालुक्यात किती संस्थांवर प्रशासक आहेत याची यादी आपण आतापासूनच छापत राहावे.

आपले,
काही माजी ग्रामपंचायत सदस्य, खानापूर तालुका