अंडीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात रात्री तुम्ही शटर अर्धं ओढलेलं असताना लेकीला घेऊन वाकून आत शिरले, ती मी. शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरून अंडं टाकायचं, ते फुटता कामा नये आणि खोक्यासकट वजन ३०० ग्रॅमच्या आत, अशी नववीच्या वर्गाची स्पर्धा. तोवर आमची दहा अंडी गॅलरीतून खाली जाऊन कामी आली होती. (प्रत्येक अंडं पिशवीत बांधून टाकायचो, त्यामुळे आठवड्यात चारदा भुर्जी. नवरा शेवटी वरणभात मागू लागला.)

तुम्ही खोक्यातला थर्मोकोल अंगठ्याने दाबून पाहिलात. "ताई, हे ठासून भरलंय. अंडं हलायला नको, पण भोवतालचं दबायला पाहिजे." आणि पुठ्ठ्याचा रिकामा ट्रे मुठीत चुरगाळून दाखवलात.

घरी येऊन लेक गणिताला बसली. नऊ मीटरवरून पडलेलं अंडं जमिनीशी पोचतं तेव्हा वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास. ५५ ग्रॅमचं अंडं एका सेंटिमीटरात थांबलं तर त्याच्यावर सरासरी ५० किलोंचा भार. दबत दबत दहा सेंटिमीटरांत थांबलं तर ५ किलोंचा. तुमचं 'दबायला पाहिजे' ते हेच.

दुसरं म्हणजे, ती अंडं उभं ठेवत होती, ट्रेत असतं तसं. तुम्ही म्हणालात, ट्रेत उभं असतं ते थरावर थर रचायचे म्हणून; हातातून निसटलेलं अंडं आडवं पडलं तर कधीकधी वाचतं, टोकावर पडलेलं नाही. मला ही दुकानदारी समजूत वाटली होती, माफ करा. नंतर वाचलं की अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी जेमतेम ८ ते १० मिलिमीटरवरून अंडी टाकून पाहिली आणि आडवी अंडीच कमी तडकली. हे छापून आलं २०२५ मध्ये.

शेवटचं खोकं असं: ट्रेचे कापलेले खळगे खाली तीन थरांत, वर आडवं अंडं, भोवती कुरमुऱ्यांची सैल पिशवी. वजन २८० ग्रॅम. कॅरीबॅगचं पॅराशूट रेलिंगला अडकून फाटलं, खोकं तसंच धपकन खाली आलं. कुरमुऱ्यांचा भुगा झाला होता. अंडं शाबूत! नंबर नाही आला, आमच्यापेक्षा हलकी खोकी होती. लेकीला त्याचं फारसं वाटलेलं नाही. फ्रिजच्या दारात ते अंडं आहे, त्यावर पेनाने तारीख, आणि कुणी हात लावायचा नाही.

त्या रात्री लहान अंड्यांचा अख्खा ट्रे दिलात आणि "उरलेली परत आणा, मग हिशेब बघू" म्हणालात. उरलं एकच, आणि ते ती देणार नाही. रविवारी येते, तीसचे पैसे घ्या.

तुमची,
भुर्जीवाली ताई