डोंगर कापण्याआधी पाण्याची वाट ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोंगरउतारावर प्लॉट पाडणे, काजू-आंब्यासाठी टप्पे काढणे, घरापर्यंत रस्ता नेणे ही कामे पोकलेनमुळे आता काही दिवसांत उरकतात. माती, मुरूम किंवा जांभा काढायचा तर महसूल खात्याची परवानगी आणि ब्रासवर मोजलेले स्वामित्वधन (रॉयल्टी) लागते. मात्र कापलेल्या जागेवर पडणारे पाणी कुठून कुठे जाणार, याचा विचार त्या परवानगीत ठळकपणे झालेला दिसत नाही. तो व्हावा, म्हणून हे पत्र.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर एक गुंठा जागेवर सुमारे दहा हजार लिटर पाणी पडते. दहा गुंठ्यांच्या प्लॉटवर हेच पाणी एक लाख लिटर होते. झाडोरा, पालापाचोळा आणि गवत असेल तर त्यातले बरेचसे जमिनीत मुरते आणि उरलेले संथपणे पऱ्ह्याला, म्हणजे डोंगरातल्या पावसाळी ओहोळाला, जाते. उघड्या, यंत्राने दाबून घट्ट झालेल्या मातीवर मात्र ते मुरायला वावच राहत नाही. उतारावर पाण्याचा वेग वाढला की त्याची माती उचलण्याची ताकद त्या वेगाच्या कितीतरी पटींनी वाढते, आणि पहिल्या दोन-चार मोठ्या सरींतच वरचा कसदार थर निघून खालच्या भातखाचरात, विहिरीत किंवा रस्त्याच्या मोरीत जाऊन बसतो. पुढे तोच गाळ नदीत आणि खाडीत पोचतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणला वाशिष्ठीतला गाळ उपसण्याचे काम हाती घ्यावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या पुराला इतरही कारणे होती. पण डोंगरावरून सतत माती येत राहिली, तर उपसलेले पात्र पुन्हा भरणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे पऱ्हे बुजवणे. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी घळ भराव टाकून सपाट केली जाते, किंवा तिच्यात एखादा अरुंद पाइप घालून वर रस्ता केला जातो. पानांनी आणि काटक्यांनी तो पाइप तुंबतो, पाणी भरावामागे साचते आणि शेवटी भरावासकट खालच्या वाडीवर येते. सिमेंटच्या संरक्षक भिंतीचेही तसेच आहे. मागचे पाणी निचरण्यासाठी भोके आणि खडीचा थर ठेवला नाही, तर भिजलेल्या मातीच्या दाबाने ती फुगते आणि ढासळते. आपले जांभ्याचे सुके गडगे, म्हणजे सिमेंटशिवाय रचलेले दगडी बांध, दगडांच्या फटींतून पाणी सोडून देत आणि माती अडवून धरत. चिरा-दगड उपलब्ध असताना ते मोडून काढण्याची घाई मला अनाकलनीय वाटते.

प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतले पऱ्हे आणि व्हाळ (ओढे) नकाशावर नोंदवून घ्यावेत आणि त्यांत भराव टाकण्यास परवानगी देऊ नये. उत्खननाच्या अर्जासोबत पाण्याचा निचरा दाखवणारा साधा आराखडा बंधनकारक करावा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत उतारावर नवे खोदकाम बंद ठेवावे आणि कापलेल्या कडांवर मे अखेरपर्यंत गवत लावून घ्यावे. वाळ्याची मुळे खोल जातात, त्यामुळे समपातळीवर लावलेली त्याची ओळ माती चांगली धरते. बागायतदारांनीही संपूर्ण उतार एकदम उघडा न करता टप्प्याटप्प्याने लागवड करावी आणि दोन टप्प्यांमध्ये रानझाडांचा पट्टा राखावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आणि कृषी खात्याने याबाबतची प्रात्यक्षिके वाडीवाडीत, तीही खोदकामाच्या हंगामाआधी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच घ्यावीत, ही विनंती.

आपला,
एक बागायतदार
ता. लांजा, जि. रत्नागिरी