अल्बमची निवड : प्रिंटऐवजी स्क्रीनवर

सर्व सभासद फोटोग्राफर बंधू-भगिनींना नमस्कार.

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू. या हंगामात अल्बमचे फोटो निवडण्यासाठी लग्नघरी ४×६ इंची प्रिंटचे गठ्ठे देणं थांबवूया. नवरा-नवरी मुंबईला, आईवडील गुहागरला किंवा देवगडला. गठ्ठा मात्र एकाच घरी. शिवाय आपल्या दमट हवेत प्रिंट एकमेकांना चिकटतात.

फोटो लांब बाजूने २०४८ पिक्सेल करून, वॉटरमार्क (फोटोवर आपलं पुसट नाव) टाकून, गूगल ड्राइव्हच्या लिंकने पाठवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकलात तर त्याची फाइल दाबून लहान केली जाते, शालूचा जरीकाठ धुरकट दिसतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलचे नंबर बदलू नका, निवड त्यावरच येते.

आजी-आजोबांना मात्र घरी जाऊन टीव्हीवर दाखवा. त्यांच्यासाठी तेवढा वेळ काढाच.