जोड बघून कुस्ती लावतात, दोस्ता

प्रिय दोस्ता,

रात्री दीडला आलेला तुझा मेसेज सकाळी मोटर चालू करायला जाताना वाचला आणि बांधावरच बसलो. "सगळे कुठल्या कुठे गेले, मी आहे तिथंच आहे." हे वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर तू "बरं चाललंय" म्हणतोस आणि विषय बदलतोस. म्हणून लिहायला बसलो.

रंकाळ्यावरच्या आपल्या बॅचच्या त्या गेट-टुगेदरला मी होतो. फोटोत दिसतं तेवढंच होतं तिथं. कुणाचा पुण्यात फ्लॅट, कुणी परदेशातून आलेला, एकजण तहसीलदार. जेवणं होईपर्यंत पगार, गाड्या आणि पोरांच्या शाळा. ऐकताना माझ्याही पोटात काहीतरी हललं, खोटं कशाला सांगू? पण तू ते फोटो पुण्यातल्या खोलीत एकट्यानं बघितलेस, आणि एकट्यानं बघितलं की ते दुप्पट मोठे दिसतात.

लहानपणी आपण खासबागेत दगडी पायऱ्यांवर बसून कुस्त्या बघायचो, आठवतंय? शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान, १९१२ पासूनचं. तिथं कधी साठ किलोच्या पोराला नव्वद किलोच्या पैलवानापुढं उभं केलेलं बघितलंस? आधी जोड बघतात. वजन, वय, तालमीत किती वर्षं घाम गाळलाय, हे सगळं बघून मग हात मिळवायला लावतात. तू मात्र रोज रात्री स्वतःची कुस्ती अशा माणसांशी लावतोस, ज्यांच्या घरी वडील अंथरुणाला खिळले नव्हते, बहिणीच्या लग्नाचं कर्ज नव्हतं. बेजोड कुस्ती लावायची आणि हरलो म्हणायचं, हा कुठला न्याय?

मी हे कुठं शिकलो ते तुला कधी सांगितलं नाही.

शिरोलीतली माझी फाउंड्रीतली नोकरी सुटली आणि मी शेतात आलो, त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचा नदीकाठचा ऊस आठवडाभर बुडून होता. पाणी ओसरल्यावर बघितलं तर शेंड्यात गाळ बसलेला. सुरळी हातानं ओढली की कुजका वास मारत उपसून यायची. सगळा फड काढून टाकला आणि नोव्हेंबरात नव्यानं लागण केली.

पुढच्या ऑगस्टला मी रोज शेजारच्या वरच्या रानाकडं बघत उभा राहायचो. त्यांचा ऊस डोक्याच्या वर गेलेला, आमचा खांद्याला. माझा मामेभाऊ त्याच महिन्यात नवी गाडी दाखवायला घरी येऊन गेला होता. मला ते दोन्ही एकच वाटायला लागलं होतं. एकदा आबांनी बघितलं आणि म्हणाले, "त्यो आडसाली हाय लेका. आदल्या जुलैची लागण. आपली नोव्हेंबरची. त्येच्याकडं बघून आपला वाढणार हाय व्हय?"

एवढं कुणीही म्हटलं असतं. पण आबा सरीत उतरले, एका उसाचं पाचट खालपासून सोललं आणि मला खाली वाकायला लावलं. खालची कांडी बऱ्यापैकी होती. मग मध्येच तीन कांडी आखूड, जेमतेम दोन-दोन बोटांची, एकाला एक चिकटलेली. त्यांच्यावर पुन्हा वीतभर लांब, रसरशीत कांडी. आबांनी त्या आखूड कांड्यांवर अंगठा ठेवला. "ह्यो मे महिना. मोटर जळली, लॉकडाऊनमधी वायंडिंगवाला मिळंना, पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या. आणि ही वरची, भरणी करून बुडाला माती चढवल्यावरची. पाणी नव्हतं तवाबी थांबला न्हाई त्यो, बारीक वाढला." मी कितीतरी वेळ त्या आखूड कांड्यांवरून बोट फिरवत बसलो. आडसाली सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, आमचा पूर्वहंगामी चौदा-पंधरा, आणि सुरू हंगामाचा बाराच. हे मला काय माहीत नव्हतं? पण ते कधी माझ्या स्वतःच्या बाबतीत धरलं नव्हतं.

त्या साली आमचं टनेज शेजाऱ्यापेक्षा कमीच भरलं. मला त्याचं दुःख झालं नाही, कारण मी ते आदल्या वर्षीच्या रिकाम्या रानाशी ताडून बघत होतो.

आता तुझं. सदाशिव पेठेतली स्पर्धा परीक्षेची सहा वर्षं, दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन यादीत नाव नाही. ती तुझी आखूड कांडी आहेत, मी नाही म्हणणार नाही. पण त्याच काळात तू रात्री अकाउंट्सचं काम शिकलास. वडिलांना शेवटची दोन वर्षं स्वतःच्या हातानं भरवलंस. गेल्या मार्चमध्ये कर्जाचा शेवटचा हप्ता भरलास आणि मला फोन करून एवढंच म्हणालास, "फिटलं रे." त्या दिवशी तुझा आवाज भरून आला होता. ह्याचा फोटो कुणी ग्रुपवर टाकत नाही.

आपल्या राधानगरीकडचे नेमबाज स्वप्नील कुसाळे पहिल्यांदा ऑलिंपिकला उतरले ते २८ व्या वर्षी, रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करत. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसची फायनल आम्ही मोबाईलवर बघितली. गुडघ्यावर बसून मारायच्या पहिल्या टप्प्यानंतर ते पहिल्या तिघांत नव्हते. मग झोपून, मग उभ्यानं, आणि शेवटी ब्राँझ. स्पर्धा होती, नंबर लागणारच. तरी प्रत्येक गोळी त्यांना स्वतःच्याच लक्ष्यावर मारायची होती, आणि शेजारी काय चाललंय ते बघत बसायला तिथं वेळ नसतो.

तू त्या ग्रुपवर रहा नाहीतर निघ, माझं काही म्हणणं नाही. पण रात्री दीडला तो उघडू नकोस, एवढं माझं ऐक.

दिवाळीनंतर आमच्या उसाला तोड येईल. थोडा ऊस गुऱ्हाळाला देणार आहे. दोन दिवस काढून ये. काहिलीजवळ बसू, गरम काकवी पिऊ, आणि तुला बोलायचं असेल तेवढं बोल. आई तुझी वाट बघते, तुझ्यासाठी खर्डा करून ठेवणार आहे. स्वारगेटहून एसटी सुटली की फोन कर, मी स्टँडवर घ्यायला येतो.

तुझाच