सिकलसेलवरचं संशोधन आमच्या मुलांच्याही हातून होऊ द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पूर्व विदर्भातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. आमचं एक प्रॅक्टिकल दरवर्षी ठरलेलं असतं. कांद्याच्या मुळांची टोकं खुडायची, ॲसिटोकारमाइनमध्ये रंगवायची, कव्हरस्लिप अंगठ्यानं दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजायची. यंदा सोळा मोजून झाल्यावर एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, माझ्या अकराव्या गुणसूत्रातली चूक अशी दिसेल का?" तिच्याकडे सिकलसेलचं, म्हणजे या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णाला मिळणारं, लाल कार्ड आहे. नाही दिसणार, मी म्हणालो. चूक डीएनएमधल्या एकाच अक्षराची आहे.

त्या एका अक्षरानं तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि ही पोरगी ऐन परीक्षेत सांधे धरून पडून राहते.

यावरचा क्रिस्पर (जनुकात नेमका बदल करण्याचं तंत्र) वापरणारा उपचार, कॅसजेव्ही, २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. तो बीसीएल११ए या जनुकाला लगाम घालून बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात असतं ते हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे! आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्र संशोधन संस्थेनं स्वदेशी उपचारपद्धती विकसित केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती 'बिरसा १०१' या नावानं जाहीर झाली. बिरसा मुंडांचं नाव ऐकून आमच्या वर्गात टाळ्या पडल्या.

पण साहेब, गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलांनी या संशोधनाला फक्त रक्ताचे नमुनेच द्यायचे का? आमचे एमएस्सीचे विद्यार्थी संगणकावर गाइड आरएनए, म्हणजे क्रिस्परला जनुकातली नेमकी जागा दाखवणारा रेणू, आखतात, आणि चांगले आखतात. पुढे पेशींवर करून बघायची वेळ आली की गाडी अडते. गेल्या उन्हाळ्यात रात्रभर वीज गेली आणि उणे २० अंशांत ठेवलेलं, डीएनए कापणारं कॅस९ एन्झाइम वाया गेलं. दोघांचं सहा महिन्यांचं काम तिथंच थांबलं. नवं मागवायला पैसे नव्हते.

इमारत नको, आहे तीच पुरे. पूर्व विदर्भातल्या एका तरी विद्यापीठ विभागात पेशीसंवर्धनाची (प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याची) सोय करा, जनरेटर द्या, तंत्रज्ञाचं पद भरा आणि रसायनांसाठी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात अनुदान पोचू द्या. पीएचडीच्या मुलांची छात्रवृत्ती वेळेवर मिळाली तर ती टिकतील. नाहीतर घरची ओढाताण बघून नोकरी धरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांमध्ये एवढं बसवा. तेव्हा आपण इकडे असालच, तर एक सकाळ आमच्या प्रयोगशाळेत या. ती मुलगी आपल्याला गुणसूत्रं दाखवेल.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक शिक्षक