मुंबईच्या फ्रिगेटचा एक छेद मुंबईत उभारा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन

सविनय नमस्कार.

जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी फ्रिगेट (शिडाची वेगवान युद्धनौका) १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. मुंबईची गोदी नौदलाच्या ताब्यात असल्याने सामान्य माणसाला तिथे सहज जाता येत नाही. म्हणून गोदीबाहेर या जहाजाच्या मध्यभागाचा दहा फूट लांबीचा, पूर्ण आकाराचा, सागवानी छेद (आतली बांधणी दाखवणारा काप) उभारावा, ही विनंती.

‘ट्रिंकोमाली’ ब्रिटिश नौदलाच्या ‘लीडा’ वर्गातली. या वर्गाचा आराखडा १७८२ मध्ये पकडलेल्या ‘एबे’ या फ्रेंच फ्रिगेटवरून घेतलेला. तोफांचा मजला सुमारे १५० फूट लांब, जहाजाची रुंदी ४० फूट. त्या मजल्यावर अठरा पौंडांचा गोळा फेकणाऱ्या २८ तोफा, एकेक जवळपास दोन टनांची. जहाजाच्या निमुळत्या टोकांना पाण्याचा आधार कमी मिळतो, वजन मात्र असतंच. त्यामुळे टोकं खाली झुकतात, तळाचा कणा मध्ये वर उचलला जातो, सांधे ढिले होतात आणि फटींतून पाणी शिरतं. ब्रिटिश नौदलाचे जहाजबांधणीकार रॉबर्ट सेपिंग्ज यांनी सांगाड्यात तिरपे आधार घातले ते यासाठीच. याच वर्गाच्या सुधारित बांधणीची ‘युनिकॉर्न’ (१८२४) स्कॉटलंडात डंडीला आहे, तिच्यात ते दिसतात.

लाकडाचा फरक तर डोळ्यांत भरणारा आहे. ब्रिटनचं अमेरिकेशी युद्ध चालू असताना याच आराखड्यावर आठ जहाजं घाईने पाइनसारख्या मऊ लाकडात बांधली गेली. १८१३ मध्ये पाण्यात उतरलेली ही जहाजं १८२० पर्यंत मोडीतही निघाली. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं. सागाचं तेल उलट त्यांना जपतं.

छेद बांधताना बरगड्यांसाठी (सांगाड्याच्या बाकदार तुळयांसाठी) मुळात वाकलेलं लाकूड निवडावं. सरळ ओंडक्यातून बाक कापला की लाकडाच्या रेषा तुटतात आणि बरगडी तिथेच चिरते. पाण्याखाली येणाऱ्या भागात तांब्याचेच बोल्ट हवेत. तळावर ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्याशेजारी पोलाद आलं आणि ओल लागली की पोलाद झपाट्याने गंजतं. वरून छप्पर आवश्यक आहे, कारण लाकूड कुजतं ते साचलेल्या पावसाच्या पाण्याने, खाऱ्या पाण्याने तेवढं नाही. बरगड्यांमध्ये हवा खेळती ठेवावी. आतून जाड व्हार्निश चोपडून ओल कोंडू नये. ठेकेदार नेमकं तेच करतात.

या वर्गाची मूळ रेखाचित्रं ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत. त्यांच्या प्रती आधी मागवाव्यात, निविदा नंतर काढावी. फायबरची, रोषणाई केलेली प्रतिकृती मात्र नको. तिच्यात ना सांधा दिसेल, ना बोल्ट.

आपले,
लाकडी जहाजबांधणीचे अभ्यासक