संबळाला मिळालेली जागा

महोदय,

आमच्या विद्यापीठाच्या विद्यार्थी वाद्यवृंदाचा कार्यक्रम नुकताच ऐकला. व्हायोलिनवर यमन वाजवणारी मुलगी सुरेल होतीच, पण मनात घर केलं ते तुळजापूरकडच्या गोंधळी कुटुंबातल्या मुलाने. गळ्यात संबळ, हातात वाकड्या टोकाची काठी. भवानीच्या गोंधळात उभ्याने वाजणारं हे वाद्य सतार-बासरीच्या मधोमध, एकल वादनासाठी! सुरुवातीला साथीदार मागे पडले. मग सगळ्यांनी त्याचीच लय धरली. माझ्या शेजारच्या आजींचे डोळे भरून आले होते.

आकाशवाणीने १९५२ साली वाद्यवृंद उभा केला, पं. रविशंकर त्याचे संचालक होते. देशी वाद्यांचा मेळ जमतो हे तेव्हाच दिसलं होतं. आपल्याकडे मात्र स्नेहसंमेलन म्हटलं की अजून कराओके लागतो.

ध्वनिव्यवस्था मात्र वाईट होती, बासरी तर ऐकूच आली नाही. एवढा सराव केलेल्या मुलांवर हा अन्याय आहे. विद्यापीठाने चांगले माईक घ्यावेत आणि हाच कार्यक्रम बीड, हिंगोली, अंबाजोगाईच्या महाविद्यालयांतही न्यावा. तिथेही संबळ वाजवणारी मुलं आहेत, त्यांना अजून कुणी मंचावर बोलावलेलं नाही.

– एक संगीतप्रेमी वाचक, धाराशिव